दुसऱ्या अंकानंतर

मोहफुलं पहाटे गळतात. झाडाखालचा पाला आदल्या दिवशीच झाडून साफ केलेला असतो, त्यामुळे उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन येतात तेव्हा काळसर जमिनीवर फुलं फिकट पिवळी दिसतात. वाकून, उकिडवं बसून वेचायचं काम. हात चालू असतात आणि तोंडंही. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात हा हंगाम येतो तेव्हा नाटकांचा हंगाम नुकताच सरत आलेला असतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, मंडईच्या रात्री नाटक, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या रात्री नाटक, असं करत होळी येते. मोहाखालच्या गप्पांत म्हणून त्या हिवाळ्यात पाहिलेली नाटकंच असत.

एकदा मोठी आई वेचता वेचता थांबली आणि म्हणाली, “मंग थ्या टुरीचा का झाला?”

कुठली टुरी, हे कोणाला विचारावं लागलं नाही. पौषातल्या नाटकात नायकाची एक बहीण होती. पहिल्या अंकात तिनं एक गाणं म्हटलं, दुसऱ्या अंकात तिच्यावर आळ आला आणि तिला रात्रीच घराबाहेर काढलं. त्यानंतर पहाटेपर्यंत नाटक चाललं. नायकाला न्याय मिळाला, खलनायकाला बेड्या पडल्या, सासू-सुनेचं मिटलं. बहिणीचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. बायांना ते टोचून राहिलं होतं. एक म्हणाली, ती बल्लारपुरास गेली, पेपरमिलच्या चाळीत कोणाच्या घरी राहिली. दुसरी म्हणाली, नाही, मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली घरानं तिला ठेवून घेतलं आणि ती मासोळी रांधायला शिकली. टोपल्या भरेपर्यंत त्या मुलीकडे शिवणयंत्र आलं होतं, तिला एक लेकरू झालं होतं, आणि भावाच्या लग्नाची वार्ता ऐकूनही ती गावाकडे फिरकली नव्हती.

टीव्हीच्या धंद्यात याला स्पिन-ऑफ म्हणतात. मूळ मालिकेतलं एखादं पात्र उचलायचं आणि त्याला स्वतःची मालिका द्यायची. कागदावर तो व्यापाराचा व्यवहार आहे: मूळ माल खपतो, म्हणून त्याच दुकानात दुसरा माल मांडायचा. पुष्कळदा तो तेवढाच असतोही. पण मोहाखालच्या बायांना कोणी पैसे देत नव्हतं. त्यांना त्या मुलीची काळजी होती.

विज्ञानकथेच्या मालिका मला आवडू लागल्या त्या ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर. रविवारी सकाळी मामाच्या घरी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. कर्क, स्पॉक, तो टोकदार कानांचा गंभीर चेहरा. संवाद इंग्रजीत, आम्हाला निम्म्याहून कमी कळणारे, तरी खोली गच्च भरलेली असे. ते भाग 1966 ते 1969 या काळातले आहेत, एकूण 79, आणि अमेरिकेत ती मालिका कधीचीच संपली आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यातून पुढे किती फांद्या फुटल्या तेही फार उशिरा कळलं. त्यातली ‘डीप स्पेस नाइन’ 1993 साली आली. तिच्यात सुरुवातीला जहाज जवळजवळ नव्हतंच. एक अवकाशस्थानक, एकाच जागी. जग तिथं येतं आणि पुढं निघून जातं, तिथली माणसं मागं राहतात. जंगलाच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ती फांदी मूळ खोडापेक्षा जवळची वाटली.

पण मोठ्या आईच्या प्रश्नाशी खरी गाठ पडली ती ‘डॉक्टर हू’ पाहताना, कितीतरी वर्षांनी, मोबाईलच्या पडद्यावर. बीबीसीची ही मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. तिची पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेन यांनी. लखनौत जन्मलेला हा मुलगा तेव्हा चोविशीत होता. मालिकेचा नायक दुसऱ्या ग्रहावरचा, नाव नसलेला, फक्त ‘डॉक्टर’. पोलिसांच्या जुन्या निळ्या टेलिफोनपेटीसारखं दिसणारं त्याचं यान बाहेरून कपाटाएवढं आणि आतून वाड्याएवढं असतं, आणि ते काळातही जातं. मरायची वेळ आली की त्याचं शरीर बदलतं. 1966 साली पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा निर्मात्यांनी ही युक्ती काढली आणि तिच्या जोरावर मालिका साठ वर्षांपलीकडे पोचली. मधे 1989 ते 2005 असा मोठा खंड पडला, त्यात 1996 सालचा एक चित्रपट सोडला तर पडद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. त्या कोरड्या काळात कादंबऱ्या आणि श्राव्य नाटकं निघत राहिली, म्हणजे फांद्यांनी खोड जगवलं.

डॉक्टरबरोबर नेहमी कोणीतरी माणूस असतो. शिक्षिका, पत्रकार, दुकानातली विक्रेती. तो किंवा ती काही काळ तारे पाहते आणि मग उतरते. पहिली उतरणारी त्याची नात होती, सुझन. 1964 साली एका उद्ध्वस्त भविष्यातल्या लंडनमध्ये आजोबांनी यानाचं दार आतून लावून घेतलं आणि तिला तिथल्या एका तरुणाच्या भरवशावर सोडलं. तिचं भलं व्हावं म्हणूनच. परत येईन, असं सांगून. 1983च्या एका विशेष भागात ती दिसली, आणि मग 2025 साली त्याच अभिनेत्री, कॅरोल अॅन फोर्ड, म्हाताऱ्या चेहऱ्यानं आजोबांच्या मनात क्षणभर चमकून गेल्या. मधल्या वर्षांत तिनं काय खाल्लं, कुठं राहिली, टीव्हीनं विचारलं नाही.

सॅरा जेन स्मिथचं मात्र विचारलं. ही पत्रकार मुलगी 1973 पासून डॉक्टरसोबत होती. 1976 साली त्याला त्याच्या ग्रहावरून बोलावणं आलं, माणसाला तिथं नेता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिला उतरवलं. हातात कुंडीतलं रोप, भुसा भरलेलं घुबड, टेनिसची रॅकेट. शेवटच्या बसनं रात्री एखाद्या बाईला गाठोड्यांसकट अंधाऱ्या फाट्यावर उतरवावं, बसचा लाल दिवा वळणाआड जावा आणि मग तिच्या ध्यानात यावं की हा आपला फाटा नाहीच, तसं ते उतरणं होतं. आलापल्लीच्या चौकात भामरागड, एटापल्ली, सिरोंचा अशा वाटा फुटतात तिथं असं एखादं माणूस उभं दिसतं, तेव्हा मला सॅरा जेन आठवते. कारण डॉक्टरनं तिला तिच्या गल्लीत सोडतो म्हणून चुकीच्या जागी सोडलं होतं. ती जागा लंडनच्या दक्षिणेतलं क्रॉयडन नव्हती, स्कॉटलंडमधलं अॅबर्डीन होती, हे प्रेक्षकांना तीस वर्षांनी, 2006 साली कळलं.

त्या 2006च्या भागात ती पुन्हा भेटते. आता चेहऱ्यावर वय आहे. डॉक्टर वेगळ्याच तरुण शरीरात उभा आहे, शेजारी नवी मुलगी आहे, आणि सॅरा जेन त्याला विचारते की तू परत का आला नाहीस. विज्ञानकथेत राक्षस असतात, यंत्रमानव असतात, ग्रह फुटतात. त्या सगळ्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी. डेव्हिस यांनी तो तिथंच सोडला नाही. 2007 साली ‘द सॅरा जेन अॅडव्हेंचर्स’ सुरू झाली. लंडनच्या उपनगरातली एक गल्ली, माळ्यावरची खोली, दत्तक घेतलेला मुलगा, समोरच्या घरात राहायला आलेली भारतीय वंशाची रानी चंद्रा. मुलांसाठी केलेली मालिका. तारे पाहून आलेली बाई आता शेजारच्या पोरांना घेऊन आपल्याच गल्लीतले चमत्कार सोडवते. ती कोणाची वाट पाहत नाही. डॉक्टर आला तर पाहुणा म्हणून येतो, चहा घेतल्यासारखा दोन भाग राहतो आणि जातो. घर तिचं आहे.

याआधी 1981 साली तिला आणि ‘के-नाइन’ नावाच्या यंत्रकुत्र्याला घेऊन एक प्रयत्न झाला होता, तो एका भागावरच थांबला. तेव्हा लेखकांना कुत्र्याचं आकर्षण जास्त होतं, बाईला सांगायला काही दिलंच नव्हतं. पात्र उचललं, पण त्याच्या मनातलं काही उचललं नाही, की फांदी धरत नाही. आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका 2016 साली अण्णा नाईकांच्या मृत्यूनं सुरू झाली आणि पुढच्या पर्वात, 2019 साली, कथा मागं गेली, अण्णा जिवंत असतानाच्या दिवसांत. ते पर्व लोकांनी डोक्यावर घेतलं, कारण पहिल्या खेपेला फक्त चाहूल लागलेली माणसं तिथं हाडामांसाची झाली. शेवंता हे पात्र घराघरांत पोचलं ते तेव्हाच.

आमच्या झाडीत, म्हणजे वैनगंगेकाठच्या झाडीपट्टीत, नाटकाला मुळं फार जुनी आहेत. दंडार आणि खडी गंमत ही ती मुळं. दंडारीला मंच लागत नसे. मोकळी जागा, टेंभे, भोवती माणसं, आणि बायांची कामं करणारे पुरुष. पुढं मंच आला, पडदे आले, ऑर्गन आणि तबला मंचासमोरच्या खड्ड्यात जाऊन बसले, आणि वैनगंगेपलीकडचं वडसा कंपन्यांचं गाव झालं. मंडई ठरली की गावचे चार जण वडशाला जातात, नाटक आणि तारीख पक्की करून येतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या सगळ्याचा, दंडारीचा आणि झाडीबोलीचा, आयुष्यभर मागोवा घेतला. 2023 साली गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास लिहिताना झाडीपट्टी बहुधा शेवटच्या प्रकरणात, ‘इतर’ या मथळ्याखाली येते. पण थंडीत रात्रभर जागणारे प्रेक्षक, चादरी-घोंगड्यांसह आलेली लेकरं, मंचाजवळच्या खुर्च्यांमागं जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या, हे सगळं कोणाचं इतर नाही. इथं ते मूळच आहे.

एकदा मध्यरात्री मी मंचामागं गेलो होतो. एका नातलगाचा निरोप द्यायचा होता. बाहेर तिसरा अंक रंगला होता, खलनायकाचा आवाज भोंग्यातून शेतापलीकडे जात होता. आत कापडी भिंतीला टेकून, सामानाच्या पेटीवर डोकं ठेवून, बहिणीचं काम करणारी नटी झोपली होती. अर्धा रंग पुसलेला, अर्धा तसाच. तिचं काम संपलं होतं. पहाटे गाडी निघणार, दुसऱ्या गावी रात्री पुन्हा तिच्यावर आळ येणार, पुन्हा ती बाहेर काढली जाणार. बाहेर मोठी आई मनात धरून बसली होती की ती टुरी अंधारात एकटी कुठं गेली असेल. मोठ्या आईला जाऊन सांगावं, असं वाटलं. सांगितलं नाही. तिला नटीची काळजी नव्हती, टुरीची होती, आणि ती काळजी मोडायचा मला काही हक्क नव्हता.

‘डॉक्टर हू’ची दुसरी मोठी फांदी ‘टॉर्चवुड’, 22 ऑक्टोबर 2006 रोजी सुरू झालेली. हिचा नायक कॅप्टन जॅकही मागं सोडलेलाच. त्याला मरण येत नाही, आणि डॉक्टर पुन्हा येईल त्या जागी तो एकोणिसाव्या शतकापासून थांबलेला आहे. ती जागा लंडन नाही, कार्डिफ आहे. कार्डिफ हे वेल्सचं बंदर, एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक. खोऱ्यांतल्या खाणींतून कोळसा उतरायचा आणि जहाजांतून जगभर जायचा. टॉर्चवुडचं भूमिगत ठाणं दाखवलं आहे ते नेमकं जुन्या गोदीच्या जागी झालेल्या चौकाखाली. ते पाहताना मी मोबाईल बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो. घुग्घुस, माजरी, दुर्गापूर, पद्मापूर ही कोळसाखाणींची नावं ज्याच्या कानात लहानपणापासून आहेत, उन्हाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर जिथं काजळी बसते, ज्या चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र दूरच्या शहरांचे दिवे लावतं, त्याला हे कळतं. अशा गावातून काहीतरी नेहमी बाहेर जातं. कथा त्यांच्याकडे येत नाही. परग्रहावरचे लोकसुद्धा मोठ्या शहरांवरच उतरतात. त्या फांदीनं त्यांना कोळशाच्या गावात उतरवलं.

त्या मालिकेत यांटो जोन्स नावाचा एक तरुण आहे. सुरुवातीला त्याचं काम कॉफी करणं, कागद लावणं, बाकीच्यांचे कोट नीट टांगणं. फांदीच्याही काठावरचं पात्र. 2009 सालच्या पाच रात्रींच्या कथेत तो मेला, आणि कार्डिफच्या मर्मेड की या धक्क्यावर, मालिकेत ठाण्याचं दार म्हणून दाखवलेल्या जागी, लोकांनी फुलं, पत्रं, चित्रं आणून लावली. वर्षानुवर्षं लावत राहिले. तिथं त्याच्या नावाची पाटीही लागली. कधीही न जन्मलेल्या, कॉफी करणाऱ्या माणसाचं ते स्मारक. मी त्याचे फोटो पाहिले आहेत आणि मला ते जराही विचित्र वाटलं नाही.

2011 साली ‘टॉर्चवुड’ अमेरिकेत नेलं. पैसा मोठा, नट मोठे, दहा भाग. कार्डिफ मागं पडलं आणि मालिका तिथंच थांबली. माझ्या मते कारण तेच होतं. 2016 साली, 1963च्या पहिल्या भागातल्या शाळेवर ‘क्लास’ नावाची मालिका काढली, ती आठ भागांत आटोपली. तिच्यात जुन्या शाळेचं नाव होतं, त्या शाळेची ओढ नव्हती. ‘सॅरा जेन’ मात्र थांबली ती वेगळ्या कारणानं. एलिझाबेथ स्लेडन 19 एप्रिल 2011 रोजी कर्करोगानं गेल्या. पाचव्या पर्वाचे सहाच भाग चित्रित झाले होते, ते त्या ऑक्टोबरात दाखवले आणि दुसरी कोणी अभिनेत्री त्या जागी आणली नाही. डॉक्टरचं शरीर बदलता येतं. सॅरा जेनचं नाही, हे त्या लोकांनी ओळखलं.

आता आमच्याकडची सर्वांत लांब चाललेली मालिका म्हणाल तर ती ताडोब्याची. 1955 साली झालेलं हे राष्ट्रीय उद्यान राज्यातलं सर्वांत जुनं. जिप्सीत बसलं की गाइड वाघांची वंशावळ सांगू लागतो. पांढरपौनीची माया, तिचे बछडे, कोणता कुठं गेला, कोणी कोणाचा इलाखा घेतला. वाघडोह नावाचा वाघ 2022 साली म्हातारपणी गेला तेव्हा लोक हळहळले. 2023च्या पावसाळ्यात माया दिसेनाशी झाली, तेव्हा तिच्यासाठी मुंबई-पुण्याची माणसं अस्वस्थ झाली. प्रत्येक बछड्याला नाव, प्रत्येक नावाला चाहते, प्रत्येकाची वेगळी कथा. मला या प्रेमाचं वाईट वाटत नाही. वाघ असा ओळखला गेला म्हणून तो वाचला, असं मी मानतो.

पण 2025च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यात पुडे बांधून जे हाती येतं त्यावर पावसाळ्याआधीची बी-बियाण्याची, शाळेची सोय. बातमी आली, नावं आली, मदतीचा आकडा आला, पिंजरे लागले. मग वाघिणीचं पुढं काय करायचं यावर बातम्या येत राहिल्या. त्या तीन घरांवरच्या बातम्या मला शोधाव्या लागल्या. दर वर्षी मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत अशा बातम्या येतात, आणि त्यांतल्या बाया दुसऱ्या अंकात मंचावरून जातात. घरी दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली, रोवण्याला तिच्या जागी कोण उतरलं, मोठ्या पोरीची शाळा सुटली की राहिली, हे तिसऱ्या अंकात कोणी बोलत नाही. डॉक्टर पुढच्या ग्रहावर गेलेला असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत आज लिहिणारी पोरं पुष्कळ आहेत. कोणी वर्तमानपत्राला बातम्या पाठवतो, कोणी वडशाच्या कंपन्यांसाठी संहिता लिहितो, कोणी मोबाईलवर छोटे चित्रपट करतो. त्यांना माझं एक सांगणं आहे. हल्ल्याची बातमी ज्या घरून लिहिलीत, त्या घरी दिवाळीनंतर पुन्हा जा. वाघाबद्दल विचारू नका. ती बाई कशी होती, तिला कोणतं नाटक आवडायचं, तिच्यामागं घर कसं चाललं आहे, ते विचारा, आणि घरच्यांची हरकत नसेल तर तिच्या नावासह छापा.